खेळातली वाम आणि बंधाऱ्यातली वाम



या वेळच्या भित्तीपत्रकासाठी बाईंनी सांगितले की प्रत्येकाने स्वतःला समजलेली एक गोष्ट दुसऱ्यांना समजावून सांगायची. कुणी उसाची माहिती लिहिली. कुणी जोतिबाच्या यात्रेची लिहिली. मी वामची लिहिणार आहे. वाम म्हणजे सापासारखा लांब मासा. आधी मी टीव्हीवरच्या खेळातली वाम सांगणार आहे आणि मग नदीतली. कारण मला खेळातली आधी भेटली, आणि तिच्यामुळे नदीतली माझ्या हातून मेली. ते पण लिहिणार आहे. लपवणार नाही.

आमचे गाव कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीच्या जवळ आहे. पंचतारांकित म्हणजे पाच चांदण्यांची. लहान असताना मला वाटायचे की तिथे मोठे हॉटेल असेल. पण तिथे कारखाने आहेत. कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत मिळून ही वसाहत पसरली आहे. माझे पप्पा तिथे सीएनसी मशीनवर काम करतात. गावाजवळून दूधगंगा नदी वाहते. ती सह्याद्रीत उगम पावते. काळम्मावाडीला तिच्यावर धरण आहे. पुढे ती कृष्णेला मिळते. आमच्या इथे नदीला कोल्हापूर पद्धतीचा बंधारा आहे. पावसाळ्याआधी त्याचे बरगे काढतात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा घालतात.

मागच्या मे महिन्याच्या सुट्टीत पुण्याचा दादा आमच्याकडे आला. तो माझा मावसभाऊ आहे. त्याच्याकडे टीव्हीला जोडायचा खेळ आहे. त्यात ‘सुपर मारिओ ६४’ नावाचा खेळ होता. हा खेळ जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९९६ साली काढला. २०२० साली तो नव्या यंत्रावर परत आला. मारिओ हा मिशीवाला बुटका माणूस आहे. तो उड्या मारतो, पळतो, पोहतो आणि चांदण्या गोळा करतो.

त्यात एक समुद्राची जागा आहे. तिचे नाव जॉली रॉजर बे. पाण्याखाली लई खोल जायचे असते. तळाला एक बुडालेले जहाज आहे. जहाजाच्या भोकातून एक भलेमोठे तोंड बाहेर आलेले दिसते. ती वाम! मारिओ तिच्यापुढे चिंगळीएवढा दिसतो. तिचे तोंड सारखे उघडते आणि मिटते. दात दिसतात. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा ओरडलोच. दादा हसायला लागला.

आता तिला कसे चुकवायचे ते सांगतो. लांब थांबलो तर ती बाहेर येत नाही आणि भोकही मोकळे होत नाही. म्हणून तिच्या तोंडाजवळ जायचे. मग ती सर्रकन् बाहेर येते. आपण पटकन् बाजूला व्हायचे. ती पोहत लांब गेली की त्याच भोकातून जहाजात शिरायचे. पुढच्या चांदणीच्या वेळी ती जहाजात नसते, खडकाच्या बिळात असते. त्या वेळी चांदणी तिच्या शेपटीलाच असते. तिला बाहेर काढायचे आणि मागून जाऊन चांदणीला हात लावायचा. तोंडाच्या बाजूने गेले की मार बसतो.

मला काही ते जमेना. रात्री झोपेत पण ते तोंड दिसायचे. पप्पा म्हणाले, ‘‘चल, सुट्टीत पोहायला शिकवतो.’’ मी पोटात दुखतंय म्हणून सांगितले. दुखत नव्हते. मला वाटायचे, नदीत पण तशीच वाम असणार.

एके दिवशी आम्ही चार-पाच जण बंधाऱ्याच्या खाली खेळत होतो. मे महिन्यात तिथे पाणी कमी असते. दगडांच्या मधे डबकी राहतात. एका डबक्यात मला लांब, तपकिरी, वळवळणारे काहीतरी दिसले. मी ओरडलो, ‘‘साप! साप! मोठा हाय!’’ आणि पहिला दगड मीच मारला. मग सगळ्यांनीच मारले. थोड्या वेळाने ते हलायचे थांबले.

आबा म्हशी घेऊन तिथून चालले होते. ते खाली आले. काठीने ते बाजूला घेतले आणि म्हणाले, ‘‘आरं पोरा, साप कुठला? वाम हाय ही. हिनं तुझं काय घोडं मारलं हुतं?’’

मी काहीच बोललो नाही. ती माझ्या हाताएवढी पण लांब नव्हती. आबा म्हणाले, ‘‘खायाला धरली असती तर गोष्ट येगळी. भ्याला म्हनून मारली, ते काय खरं न्हाई.’’

त्या रात्री मी पप्पांना सगळे सांगितले. पोटात दुखत नव्हते ते पण सांगितले. पप्पा रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांची रात्रपाळी होती, म्हणून दुपारी ते घरी होते. ते माझ्याबरोबर खेळ बघायला बसले. थोडा वेळ बघून म्हणाले, ‘‘ही वाम आमच्या मशीनसारखी आहे की!’’

मी विचारले, ‘‘ते कसं काय?’’

पप्पा म्हणाले, ‘‘आमच्या सीएनसीला प्रोग्रॅम लावतात. मग टूल त्याच वाटेनं जातं आणि त्याच वाटेनं परत येतं. त्याला राग येत नाही आणि दया पण येत नाही. मधे हात आला तर हात जाईल. म्हणून आम्ही दार बंद करूनच मशीन चालू करतो आणि ते पूर्ण थांबल्यावरच जॉब काढतो. ही वाम पण तशीच. कुणीतरी तिची वाट लिहून ठेवली आहे. तू नुसती वाट बघून घे.’’

मग मी खेळलोच नाही, नुसते बघितले. दादा तीनदा गेला. तिन्ही वेळेला वाम तशीच बाहेर आली आणि तशीच फिरली. चौथ्या वेळेला मी गेलो आणि चांदणीला हात लावला! मला फार आनंद झाला. आमच्या एमआयडीसीला पाच चांदण्या आणि वामच्या शेपटीला एक. दादाने दुसरा खेळ पण सांगितला. तो २०१७ सालचा ‘सुपर मारिओ ओडिसी’. त्यात ‘मॉ-रे’ नावाच्या वामी आहेत. त्या भिंतीच्या बिळांतून बाहेर येतात. तिथेही आधी बघायचे आणि मग जायचे.

जून महिन्यात शाळा सुरू झाली. मी बाईंना विचारले, खेळात एवढे मासे सोडून वामच का घेतली? बाईंनी मोबाईलवर माहिती काढली आणि आम्हाला वाचून दाखवली. ती आता सांगतो.

खेळातल्या वामचे नाव ‘उनागी’ आहे. जपानी भाषेत उनागी म्हणजे नदीत राहणारी ईल. जपानी लोक ती भाजून भाताबरोबर खातात. तिचा जन्म मात्र नदीत होत नाही. लांब पॅसिफिक महासागरात, मारियाना बेटांच्या पश्चिमेला होतो. तिथून ती लहान असताना नदीत येते. पण खेळातली वाम तोंडाने उनागीसारखी दिसत नाही. ती दिसते मोरे ईलसारखी. मोरे हे इथे आडनाव नव्हे बरं का! मोरे ईल समुद्रात खडकाच्या बिळात राहते. महाकाय मोरे म्हणून जी जात आहे ती तीन मीटरपर्यंत लांब होते. म्हणजे आमच्या वर्गाच्या दारापेक्षा लांब.

आता खरी गंमत ऐका. मोरे ईल तोंड उघडते-मिटते ते आपल्याला भीती दाखवायला नाही. ती श्वास घेत असते! तोंडातून पाणी आत घेऊन ती कल्ल्यांवरून सोडते. तिच्या कल्ल्यांची भोके लहान असतात, म्हणून तिला सारखे तोंड हलवावे लागते. मी ज्याला भ्यालो तो तिचा श्वास होता. पण तिच्या बिळात हात घातला तर ती चावते. तिच्या घशात आणखी एक जबडा असतो. तो पुढे येतो आणि भक्ष्य आत ओढून नेतो. हे २००७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी चित्रण करून दाखवले. म्हणून खेळ करणाऱ्यांना वाम आवडली असेल असे मला वाटते. ती बिळात बसते, एकदम बाहेर येते आणि सगळ्यांना दचकवते.

आपल्याकडे वाम म्हणतात ते मासे दोन प्रकारचे आहेत. एक समुद्राची वाम. ती कोकणातून बाजारात येते. ती खरी ईल आहे आणि दोन मीटरपर्यंत वाढते. दुसरी आपल्या नदीची वाम. ती दिसायला ईलसारखी असली तरी त्या कुळातली नाही. तिचे शास्त्रीय नाव बाईंनी फळ्यावर लिहिले : मास्टासेम्बेलस आर्मेटस. आर्मेटस म्हणजे हत्यारबंद. कारण तिच्या पाठीवर लहान लहान काट्यांची रांग असते. तीस-पस्तीस तरी काटे असतात. धरायला गेले की ते हाताला टोचतात. तेवढेच तिचे हत्यार.

नदीची वाम जास्तीत जास्त नव्वद सेंटिमीटरच्या आसपास वाढते, पण पुष्कळदा त्याहून लहानच असते. अंगावर तपकिरी नागमोडी नक्षी असते. नाक लांब आणि टोकदार असते. दिवसा ती दगडांच्या कपारीत नाहीतर चिखलात लपून बसते. रात्री बाहेर पडते आणि किडे, गांडुळे, लहान मासे खाते. माणसाच्या मागे ती कधी लागत नाही. माणूस दिसला की तीच पळते.

सापात आणि वामीत फरक काय? वामीला पर असतात आणि डोक्याच्या मागे कल्ला असतो. साप दुभंगलेली जीभ बाहेर काढतो. वाम काढत नाही. पण मित्रांनो, ओळखू येत नसेल तर जवळ जाऊ नका. हात लावू नका आणि दगड पण मारू नका. लांब उभे राहा आणि मोठ्या माणसाला हाक मारा.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. खेळात मारिओच्या डोक्यावर एक गोल चित्र दिसते. त्याचे भाकरीच्या तुकड्यांसारखे आठ भाग असतात. पाण्याखाली राहिले की एक-एक भाग कमी होतो. वर येऊन तोंड बाहेर काढले की भाकरी परत पूर्ण होते. नाणे मिळाले तर एक भाग मिळतो. मी किती वेळा मेलो ते दादाने वहीवर मांडले होते. वामीमुळे मी चार वेळा मेलो आणि श्वास संपल्यामुळे अकरा वेळा! म्हणजे मी वामीकडे बघत राहायचो आणि भाकरीकडे बघायचोच नाही.

पप्पा म्हणाले, ‘‘खऱ्या पाण्यात पण तसंच असतंय. माणूस वामीनं मरत नाही, श्वासानं मरतो. आणि तिथं नाणी मिळत नाहीत.’’ आपल्या डोक्यावर भाकरीचे चित्र पण नसते. श्वास किती उरला ते आपले आपल्यालाच कळावे लागते.

दिवाळीच्या सुट्टीत मी चुलत्यांच्या विहिरीत पोहायला शिकलो. पाठीला रिकामा कॅन बांधला होता. पप्पा पाण्यात आणि चुलते काठावर होते. पहिल्या दिवशी नाकातोंडात पाणी गेले. मी रडलो. दुसऱ्या दिवशी पायऱ्यांपासून पप्पांपर्यंत गेलो. आठव्या दिवशी कॅन सोडला. आधी श्वास घ्यायचा, मग हात मारायचा, घाई करायची नाही, हे मला आता येते.

तर मित्रांनो, मी शिकलो ते असे :

१. पोहायला एकट्याने जायचे नाही. पोहता येणारे मोठे माणूस बरोबर पाहिजे.

२. बंधाऱ्यातून पाणी जोरात चालू असताना जवळ उतरायचे नाही. ते पाणी ओढून घेते.

३. श्वास संपायच्या आधीच वर यायचे.

४. भीती वाटली तर खोटे पोटात दुखवायचे नाही. घरी सांगायचे.

५. जे माहीत नाही त्याला पहिला दगड मारायचा नाही. आधी बघायचे.

गेल्या आठवड्यात मी आबांबरोबर नदीवर गेलो होतो. दिवस मावळत होता. बंधाऱ्याच्या दगडांतून एक टोकदार नाक बाहेर आले. ती वाम होती. मी हललो नाही. ती थोडी बाहेर आली. मग तिने आम्हाला बघितले असेल, कारण ती परत आत गेली. आबा काही बोलले नाहीत, मी पण बोललो नाही.

खेळातली वाम टीव्ही बंद करून परत लावला की पुन्हा भोकात येऊन बसते. तिला कितीही वेळा चुकवा. डबक्यातली वाम मात्र परत आली नाही. मला तिची अजून आठवण येते.

— इयत्ता चौथी