सर्व्हरशी संपर्क तुटतो तेव्हा

दूरच्या वाडीवरून दाखल्यासाठी आलेला ग्रामस्थ ‘सर्व्हर बंद आहे’ हे उत्तर ऐकून परत जातो, तेव्हा त्याची दिवसाची मजुरी बुडते. प्रत्यक्षात पुष्कळदा सर्व्हर चालू असतो. दोष वाटेत असतो. क्रमाने शोध घेतल्यास तो बहुधा कार्यालयातच सापडतो.

अडचण एका संगणकाची आहे की सर्वांची, हे प्रथम पाहावे. सर्वच संगणक अडले असल्यास स्विच, त्याचा वीजपुरवठा व सर्व्हर तपासावा. एकच अडला असल्यास त्याची केबल पाहावी. जोडणीजवळचा दिवा लागत नसल्यास केबल बदलावी. तांब्याची केबल १०० मीटरहून लांब नसावी.

दिवा लागत असल्यास ‘आयपीकॉन्फिग’ या आज्ञेने विंडोज संगणकाचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असल्यास संगणकास स्वयंचलित पत्ता मिळालेला नाही, असे समजावे. त्यानंतर ‘पिंग’ आज्ञेने सर्व्हरच्या अंकी पत्त्यावर हाक द्यावी. अंकांना उत्तर मिळते, परंतु नाव ओळखले जात नाही, असे आढळल्यास दोष डीएनएस व्यवस्थेत शोधावा. काही सर्व्हर पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

दोन्ही उत्तरे येऊनही काम अडल्यास सर्व्हरवरील सेवा, फायरवॉल, प्रवेशाचे अधिकार आणि संगणकाचे घड्याळ तपासावे. फायरवॉल कायमचे बंद ठेवणे हा उपाय नव्हे.

प्रत्येक दोष व त्यावरील उपाय नोंदवहीत लिहून ठेवावा. पुढील खोळंबा त्यामुळे अल्पकाळात दूर होईल.