पदकानंतरचे फेटे पुरेत, आधीचा खुराक द्या

कॉलेजातील खेळाडूंची भरती, त्यांचा खर्च आणि व्यापाऱ्यांची जबाबदारी

कोल्हापुरात पैलवान जिंकून आला की हलगी कडाडते, गुलाल उधळतो, पेठेतले दुकानदार फेटे बांधतात. हा खर्च आपण आनंदाने करतो. पण तोच मुलगा कॉलेजात शिकत असताना त्याचे दूध-बदाम, बूट, प्रवास आणि फी यांची सोय कोणी केली, हे क्वचितच विचारले जाते. धंद्याच्या भाषेत सांगायचे तर तयार मालाला गिऱ्हाईक पुष्कळ, पण भांडवल घालायला कोणी पुढे येत नाही.

या शहरात असे पूर्वी नव्हते. राजर्षी शाहू महाराजांनी 1912 साली खासबागचे कुस्ती मैदान उभारले, तालमींना आश्रय दिला. याच महाराजांनी 1901 साली मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले आणि 1906 साली मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. तालीम काय आणि बोर्डिंग काय, विचार एकच होता. मुलाच्या जेवणाची आणि राहण्याची चिंता आधी मिटवा, मग त्याच्याकडून यशाची अपेक्षा करा.

खाशाबांचा हिशेब

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. 1948 च्या लंडन ऑलिंपिकला ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने गेले आणि सहावे आले. 1952 च्या हेलसिंकीला जाण्याची वेळ आली तेव्हा संस्थान विलीन झाले होते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी पैसे कमी पडले. तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्या लढून ते कर्ज फेडले, असे कोल्हापुरात आजही अभिमानाने सांगतात.

गुरूचा हा त्याग थोर खरा. पण प्राचार्याला घर गहाण टाकावे लागले, ही बाजारपेठेसाठी भूषणाची गोष्ट नव्हे.

नियम काय सांगतो?

आज आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियम भारतीय विद्यापीठ महासंघ ठरवतो. खेळाडू पूर्ण वेळ शिकणारा, रीतसर प्रवेश घेतलेला विद्यार्थी हवा. वयाची अट आहे. एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येते. आणि पूर्ण वेळ नोकरी करणारा अपात्र ठरतो.

ही शेवटची अट आपल्या व्यापारी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावी. गरीब खेळाडूला मदत म्हणून त्याचे नाव दुकानाच्या किंवा कारखान्याच्या हजेरीपटावर पूर्ण वेळ कामगार म्हणून लावणे चांगल्या हेतूने होते. पण त्यामुळे मुलाची पात्रताच अडचणीत येऊ शकते.

भरतीचीही चढाओढ आहे. खेळात अव्वल ठरणाऱ्या विद्यापीठाला 1956-57 पासून मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी दिली जाते. तिच्यावर पंजाबातील विद्यापीठांनी अनेकदा नाव कोरले. तिकडची खासगी विद्यापीठे फी माफ करून, वसतिगृह देऊन गुणी खेळाडूंना घेऊन जातात. अमेरिकेत तर 2021 पर्यंत कॉलेज खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसाही घेता येत नसे. 2025 च्या न्यायालयीन तडजोडीनंतर तेथील कॉलेजे खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली.

आपल्याकडे सरकारी मदत आहे. 2018 साली सुरू झालेल्या खेलो इंडियात निवडलेल्या खेळाडूला दरमहा 10 हजार रुपये हातखर्च मिळतो. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला, पुढे त्याला रेल्वेची नोकरी मिळाली आणि 2024 साली पॅरिसला त्याने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. आधी आधार मिळाला की काय होते, ते येथे दिसते. पण निवड होते मोजक्यांची. निवडीच्या उंबरठ्यावरचा मुलगा उघडाच राहतो.

व्यापाऱ्यांनी काय करावे?

पहिले, मदत हंगामाच्या सुरुवातीला ठरवावी आणि दरमहा द्यावी. एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा वर्षभर चालणारा दुधाचा रतीब पैलवानाच्या अंगी लागतो. एकट्याला जमत नसेल तर चार दुकानदारांनी मिळून एक मुलगा घ्यावा.

दुसरे, शक्य तेथे वस्तूरूपाने द्यावे. चप्पल-बुटाच्या व्यापाऱ्याने बूट, किराणा दुकानदाराने बदाम, शिंप्याने गणवेश. ज्याच्या हातात जे आहे ते.

तिसरे, रोख रक्कम कॉलेज किंवा नोंदणीकृत संस्थेमार्फत चेकने द्यावी आणि पावती घ्यावी. आयकरात सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता आहे का ते पाहावे. 2 हजारांवरील रोख देणगीला सवलत नाही. नव्या करपद्धतीतही ही वजावट मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला विचारूनच आकडे धरावेत.

चौथे, बाहेरच्या विद्यापीठाकडून बोलावणे आले तर पालकांसोबत बसून कागद वाचावा. फी किती वर्षे माफ? दुखापत झाली तर काय? शिक्षण पुरे होईल का? तोंडी शब्दावर आपण माल उधार देत नाही, मग मुलगा कसा धाडायचा?

पाचवे, स्पर्धेची प्रमाणपत्रे जपून ठेवण्याची सवय मुलांना लावावी. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि तेथे प्रमाणपत्राची पडताळणी होते. कुस्तीचे वय लवकर सरते, पुढे पोट भरायचे असते. खाशाबांनाही 1955 साली पोलीस खात्यात फौजदाराची नोकरी धरावी लागली.

कारागिराचा मुलगा दिवसभर शिकून संध्याकाळी आखाड्यात उतरतो तेव्हा त्याच्या बापाचा एक कमावता हात कमी झालेला असतो. हा तोटा ते घर निमूटपणे सोसते. त्यातला थोडा वाटा पेठेने उचलला तर पुन्हा कोणा शिक्षकाला घर गहाण ठेवावे लागणार नाही. फेटा बांधण्याचा हक्कही मग खऱ्या अर्थाने आपला होईल.