गोळी पेंड कशी बनते आणि पोत्यात बुरशी का येते?

घरी गाय-म्हैस असेल तर गोळी पेंडीचं पोतं तुमच्या ओळखीचं असणार. पावसाळ्यात हेच पोतं कधीकधी आतून बुरशी धरतं. दोष फक्त पावसाचा नसतो. गोळी कशी बनते हे समजलं की कारणही समजतं.

गोळी बनते कशी?

१. भरडणे: मका, सरकी पेंड, गव्हाचा कोंडा हॅमर मिलमध्ये बारीक करतात.
२. मिसळणे: त्यात मळी, मीठ आणि खनिज मिश्रण घालतात.
३. वाफ देणे: मिश्रण साधारण ७० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. धान्यातला स्टार्च चिकट होतो आणि डिंकाचं काम करतो.
४. दाबणे: रोलर हे मिश्रण पोलादी डायच्या भोकांतून दाबून बाहेर काढतात. सुरी त्याचे तुकडे पाडते.
५. गार करणे: कूलरमध्ये हवा खेळवून उष्णता आणि ओल काढतात.

फायदा काय? प्रत्येक गोळीत सगळे घटक असतात, त्यामुळे जनावर आवडीचं तेवढं निवडून खाऊ शकत नाही.

खरी गोम पाचव्या टप्प्यात

गरम चपात्या डब्यात बंद केल्या की झाकणाला पाणी सुटतं ना? गरम गोळी पोत्यात भरली की तेच होतं. म्हणूनच भारतीय मानक आयएस २०५२ नुसार पशुखाद्यात ओलावा ११ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. घरच्या छोट्या मशीनवर गोळी काढत असाल तर ती सावलीत पातळ पसरा आणि पूर्ण गार व कोरडी झाल्यावरच भरा.

बुरशी एवढी गंभीर का?

काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते जनावराच्या पोटातून दुधात उतरतं आणि दूध उकळूनही जात नाही. वरची बुरशी झटकून उरलेलं खाऊ घालणंही धोक्याचंच, कारण विष डोळ्यांना दिसत नाही.

साठवताना एवढं करा

• पोती थेट जमिनीवर नको, लाकडी फळ्यांवर ठेवा.
• भिंतीपासून हातभर अंतर सोडा.
• पत्रा गळतोय का ते पावसाआधी बघा.
• काढून झालं की पोत्याचं तोंड बांधा.
• आधी आलेलं पोतं आधी संपवा. पोत्यावरच्या उत्पादन तारखेचा फोटो काढून मोबाईलमध्ये रिमाइंडर लावा.

कुबट वास आला किंवा गोळ्यांचा गठ्ठा झालेला दिसला, तर ते पोतं गव्हाणीत रिकामं करू नका. एका पोत्याचा तोटा परवडतो, दुधातलं विष नाही.