तूप कधी आले, पगार कुठून आला

मुंबईच्या नावाची एक गोष्ट अजूनही पंगतीत ऐकू येते. पोर्तुगीज आले, बंदर पाहून खूश झाले, 'बॉम बाईया', म्हणजे छान उपसागर, असे म्हणाले आणि गावाचे बॉम्बे झाले. गोष्ट इतकी सुटसुटीत आहे की तिथेच संशय यावा. पोर्तुगीजमध्ये 'बाईया' स्त्रीलिंगी आणि 'बॉम' पुल्लिंगी. खलाशी कितीही प्यायलेला असला तरी आपल्या मातृभाषेत 'बोआ बाईया'च म्हणाला असता. शिवाय दुआर्ते बार्बोझा 1516च्या सुमारास 'ताना-मायांबू' लिहितो आणि 1525च्या महसुली नोंदीत 'मोंबाइन' आहे. आधी 'म', 'ब' मागाहून. यूल आणि बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या 1886च्या कोशात हे जुने दाखले तारखांसह रचलेले सापडतात. शब्दांचा माग काढण्याचे व्यसन बहुतेकांना असेच लागते : ऐकीव कथा मोडते आणि मोडताना कथेपेक्षा जास्त मजा येते.

कागदपत्रे नसतील तिथे ध्वनी साक्ष देतात. फ्रेंच भाषापंडित झ्यूल ब्लॉक यांनी मराठीच्या घडणीवरच्या 1920च्या ग्रंथात ही साक्ष फार नेटकेपणे तपासली आहे. संस्कृतातल्या जोडाक्षराचे प्राकृतात द्वित्त होते. मराठीत ते एकेरी होते आणि आधीचा स्वर लांबतो. सप्त, सत्त, सात. कर्ण, कण्ण, कान. हस्त, हत्थ, हात. इथे हिंदीने 'हाथ'मधला हकार जपला, आपण तो वाटेत टाकला.

आता तूप घ्या. संस्कृतात घृत आहे, हिंदीचे घी त्यातूनच आले. आपले तूप मात्र त्या घराण्यातले नाही. कन्नडात आजही तुपाला 'तुप्प' म्हणतात आणि प्राकृतातही 'तुप्प' आहे. 'सत्त'चे जसे 'सात' झाले, तसेच 'तुप्प'चे 'तूप' झाले. म्हणजे द्वित्त सुटण्याचा हा नियम मराठीत चालू असतानाच किंवा त्याआधी हा शब्द येऊन बसलेला असणार. एका दीर्घ ऊकारावरून शब्दाच्या वयाचा अंदाज बांधता येतो, हे पहिल्यांदा कळले की माणूस काही दिवस जेवताना घरच्यांना छळतो. अण्णा, अक्का, अप्पा मात्र आपले द्वित्त सांभाळून आहेत. ते उशिरा आले म्हणा, किंवा घरातली हाक नियमांना फारसे विचारत नाही म्हणा.

मराठीत या कामाची परंपरा मोठी आहे. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती 1857ची, कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' 1946चा. वि. का. राजवाडे यांची झेप अफाट होती, पण ती कधी कधी पुराव्याच्या पुढे जाई. त्यांना वाचावे ते मोहासाठी आणि ताडून पाहावे ते कुलकर्ण्यांकडे. मोल्सवर्थ, दाते-कर्वे, टर्नर यांचे कोश आता शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उघडतात. पूर्वी यासाठी ग्रंथालयातली जाडजूड बाडे उपसावी लागत.

माझा सर्वांत लाडका माणूस मात्र गोव्याचा. सेबास्तियाव रोदोल्फो दालगादो यांचा जन्म 1855चा, बार्देशातल्या आसगावचा. पेशाने पाद्री, सिलोन, बंगाल, होनावर असा फिरलेला आणि शेवटी लिस्बनला संस्कृत शिकवणारा. आजारात दोन्ही पाय गेले, तरी 1922मध्ये मृत्यू येईपर्यंत शब्द गोळा करणे सुटले नाही. आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा त्यांचा कोश 1913चा. बडोद्याने तो 1936मध्ये इंग्रजीत आणला.

त्यांच्या मागोमाग आपल्या घरात फिरून पाहावे. दाराची बिजागरी 'बिसाग्रा'तून आली, गवंड्याचे घमेले 'गामेला'तून, मेस्त्री 'मेस्त्रे'तून. 'पगार' तर पोर्तुगीजमध्ये नामच नाही. ते 'पैसे चुकते करणे' असे क्रियापद आहे. बटाट्याचा प्रवास आणखी लांबचा. 'बटाटा' हा मुळात कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा रताळ्यासाठीचा शब्द. काजू आणि अननस ही नावे ब्राझीलच्या तुपी भाषेतली. आलू म्हणणाऱ्या उत्तरेकडे जुना संस्कृत कंदवाचक शब्दच नव्या पिकाला चिकटला. पश्चिम किनाऱ्यावर पीक आणि नाव एकाच जहाजातून उतरले.