गोल करवतीच्या आधारपट्टीचे रूळ : बदली रूळ कसे मिळवावेत व कसे बसवावेत

औताचे दांडे, बैलगाडीच्या फळ्या, दारांच्या चौकटी, फळांच्या पेट्या, मधपेट्या इत्यादी शेतकऱ्यास लागणारे पुष्कळसे लाकूडकाम आता गावोगाव विजेवर चालणाऱ्या गोल करवतीवर होते. ही यंत्रे बहुधा जुनी, एका हातातून दुसऱ्या हातात गेलेली असतात. मोटर चांगली, मेज शाबूत, पाते नवे; परंतु आधारपट्टीचे रूळ वाकलेले किंवा हरवलेले, अशी स्थिती अनेक ठिकाणी दिसते. कारखान्याने ते यंत्र बनविणे थांबविले असल्यास तयार रूळ मिळत नाहीत. मग सुतार नुसत्या हाताने लाकूड चिरू लागतो. ही गोष्ट अत्यंत धोक्याची आहे. रूळ मूळ कारखान्याचेच असले पाहिजेत असे नाही. ते सरळ, समपातळीत व घट्ट असले पाहिजेत, एवढेच आवश्यक आहे. असे रूळ थोड्या खर्चात जवळच्या गावी तयार होऊ शकतात.

रुळांचे कार्य

लाकूड ज्या सरळ पट्टीला टेकवून पात्याकडे सारतात ती आधारपट्टी होय. सुतार तिला ‘फेन्स’ अथवा ‘गाईड’ म्हणतात. ही पट्टी मेजाच्या पुढील व मागील कडेस बसविलेल्या दोन रुळांवर डावी-उजवीकडे सरकते व हव्या त्या मापावर आवळून पक्की करता येते. रूळ वाकडा असेल तर पट्टी पात्याशी समांतर राहात नाही. पट्टीचे मागील टोक पात्याकडे झुकले की लाकूड दोहोंच्या मध्ये आवळले जाते. पात्याचे मागील दाते खालून वर येत असल्यामुळे ते आवळलेले लाकूड उचलतात आणि काम करणाऱ्याच्या अंगावर फेकतात. २५० मिलिमीटर व्यासाचे पाते मिनिटास ३,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १४० किलोमीटर होतो. त्या वेगाने फळी पोटावर आदळते. आणि तिच्यामागोमाग हात पात्यावर ओढला जाऊन बोटे तुटतात.

मापातील चुकीचे नुकसानही लहान नसते. मधपेटीत चौकट व पेटीची भिंत यांमध्ये माश्यांना ये-जा करण्यापुरती ६ ते ९ मिलिमीटर वाट ठेवावी लागते. ती रुंद झाली तर माश्या तेथे जादा पोळे बांधतात. अरुंद झाली तर वाटच बंद पडते. दोन-तीन मिलिमीटर वाकडी चिरलेली फळी अशा कामास निरुपयोगी ठरते.

प्रथम माप, नंतर खरेदी

यंत्राची वीज मुख्य बटणापासून बंद करून पुढील मापे कागदावर टिपून घ्यावीत :

(१) मेजाची रुंदी, तसेच पुढील कडेपासून मागील कडेपर्यंतची खोली.

(२) कडेवरील छिद्रांचा व्यास, दोन छिद्रांच्या मध्यबिंदूंतील अंतर आणि मेजाच्या पृष्ठभागापासून छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर. ही मापे पुढे व मागे स्वतंत्र घ्यावीत. दोन्ही बाजू सारख्याच असतील असे गृहीत धरू नये.

(३) जुना रूळ किंवा त्याचा तुकडा असल्यास त्याचा आकार, बाहेरील माप व जाडी.

(४) जुनी आधारपट्टी असल्यास, तिचा जबडा रुळाला जेथे पकडतो तेथील मोकळी जागा.

(५) यंत्रावरील पाटीवर कोरलेले नाव व क्रमांक.

येथे दोन गोष्टींत बहुधा फसगत होते. पहिली गोष्ट नळीची. दुकानात ‘एक इंची पाईप’ मागितला असता जो पाण्याचा नळ मिळतो, त्याचा बाहेरील व्यास एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर नसून सुमारे ३३.७ मिलिमीटर असतो. कारण त्याचे नाव आतील पोकळीवरून पडले आहे. म्हणून रुळासाठी नळी घेताना बाहेरील व्यास मोजूनच घ्यावी.

दुसरी गोष्ट बोल्टच्या आट्यांची. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तथापि जुन्या व परदेशी यंत्रांत इंचाचे आटे असतात. ५/१६ इंची बोल्टची जाडी ७.९४ मिलिमीटर आणि मेट्रिक बोल्टची ८ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही. परंतु इंची बोल्टच्या दोन आट्यांतील अंतर १.४१ मिलिमीटर, तर मेट्रिकचे १.२५ मिलिमीटर असते. असा बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो व अडकतो. पान्याने जोर केल्यास ओतीव लोखंडातील आटे कायमचे बिघडतात. बोल्ट हाताने सहज फिरला तरच तो योग्य समजावा.

रूळ कोठे शोधावेत

शहरातील जुन्या यंत्रांच्या बाजारात प्रथम चौकशी करावी. एकाच ओतकामाची यंत्रे पुष्कळदा निरनिराळ्या नावांनी विकली गेलेली असतात; म्हणून नावापेक्षा मापांचा कागद दाखविणे हिताचे. आधारपट्टी व रूळ यांचा संपूर्ण जोड मिळत असल्यास तोच पसंत करावा. मोडीत निघालेल्या यंत्राचे रूळ घेताना ते वाकलेले नाहीत याची खात्री करावी.

गावात तयार करण्याची रीत

आधारपट्टी शाबूत असेल, तर जबड्यात नेमका बसेल असाच आकार रुळास घ्यावा. पट्टीही गेली असेल, तर पुढील रचना सोपी व मजबूत आहे. मेजाच्या पुढील कडेस ५० × ५० × ६ मिलिमीटरचा लोखंडी अँगल बोल्टने बसवावा. त्याच्या आडव्या बाजूवर चौकोनी पोकळ नळी खालून बोल्ट घालून पक्की करावी. नळी व मेजाची कड यांमध्ये पट्टीचा पाय सरकण्यापुरती फट ठेवावी. पट्टी इंग्रजी ‘टी’ अक्षराच्या आकाराची करून तिची आडवी बाजू या नळीवर चालवावी. मागील बाजूस साधा अँगल पुरतो. त्यावर पट्टीचे टोक नुसते टेकते. नळीचा माथा मेजाच्या पृष्ठभागापेक्षा खाली राहील असे पाहावे, अन्यथा आडव्या कापणीचा सरकता गुण्या अडतो.

सरळपणा विकत घेतानाच तपासावा. दोन अँगल कडेला कड लावून उजेडात धरावेत. नंतर त्यांपैकी एक उलटसुलट करून, म्हणजे टोकांची अदलाबदल करून, पुन्हा पाहावे. दोन्ही वेळा फट दिसली नाही तर ते बहुधा सरळ आहेत.

रूळ मेजाला वेल्डिंग करून कधीही जोडू नये. असमान उष्णतेने ओतीव लोखंड तडकते. मेजावरील मूळ छिद्रेच वापरावीत आणि रुळातील छिद्रे बोल्टपेक्षा एक-दोन मिलिमीटर मोठी ठेवावीत, म्हणजे पातळी जुळविता येते.

बसविणे व तपासणी

सर्व बोल्ट सैल लावून रुळाचे मेजाच्या पृष्ठभागापासूनचे अंतर दोन्ही टोकांस व मध्ये मोजावे. ते सारखे झाल्यावरच बोल्ट आवळावेत. कड खडबडीत असेल तेथे पत्र्याचा तुकडा घालावा, नाहीतर आवळताना रूळ वाकतो.

त्यानंतर पात्याच्या एका दात्यावर खडूने खूण करावी. तो दाता पुढे असताना मेजावरील खाचेपासूनचे अंतर मोजावे. पाते हाताने फिरवून तोच दाता मागे आणावा व पुन्हा मोजावे. दोन्ही अंतरे सारखी नसतील, तर प्रथम पाते व मेज यांची जुळणी करावी. मगच आधारपट्टी खाचेशी समांतर लावावी. मागील टोक पात्यापासून जाड कागदाच्या जाडीइतके, म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर, दूर असले तर चालेल. ते पात्याकडे झुकलेले मात्र मुळीच असू नये.

पट्टी आवळून तिला हाताने बाजूस रेटून पाहावे; ती हलता कामा नये. शेवटी एक मीटर लांबीची सुकी, सरळ फळी चिरून तिची रुंदी दोन्ही टोकांस मोजावी. पट्टीकडील चिरेवर जळाल्याचा काळा डाग दिसल्यास मागील टोक लाकूड आवळीत आहे असे समजावे व यंत्र बंद करून पुन्हा जुळवावे.

रूळ चांगले असले तरी पात्यावरील झाकण आणि चीर उघडी ठेवणारी पात्यामागील उभी पट्टी काढून ठेवू नये. अरुंद लाकूड काठीनेच ढकलावे, आणि फळीच्या थेट मागे उभे न राहता किंचित बाजूस उभे राहावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील करवतींची एकवार पाहणी करावी. जेथे आधारपट्टीवाचून लाकूड चिरले जात असेल, तेथे सुतार व लोहार यांना एकत्र बसवून मापे घ्यावीत. तोपर्यंत त्या यंत्रावर चिरकाम बंद ठेवण्यास सुतारास सांगावे. दोन अँगल, एक नळी व एका दिवसाचे काम एवढाच हा खर्च आहे; गेलेली बोटे मात्र कोणत्याही बाजारात मिळत नाहीत.