सहा हजारांतली एक बुरशी

जपानी जीवरसायनशास्त्रज्ञ अकिरा एंडो ५ जून २०२४ रोजी वयाच्या ९०व्या वर्षी गेले. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी आज आपल्याकडेही घरोघरी घेतली जाते. तिचे मूळ त्यांच्या प्रयोगशाळेत आहे. हे संशोधन एकाहून अधिक वेळा बंद पडण्याच्या बेतात आले, पण कोणीतरी चिकाटी सोडली नाही म्हणून ते तगले.

उत्तर जपानमधल्या अकिता भागातल्या शेतकरी घरात १९३३ साली एंडो जन्मले. अळंबी आणि बुरशीची गोडी आजोबांनी लावली. तोहोकू विद्यापीठातून १९५७ साली पदवी घेऊन ते टोकियोच्या सांक्यो औषध कंपनीत लागले. १९६६ ते १९६८ ते न्यूयॉर्कमध्ये होते. तिथे हृदयविकाराने किती माणसे दगावतात हे त्यांनी पाहिले.

या विकाराला रक्तातले जादा कोलेस्टेरॉल हातभार लावते. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवते, आणि त्या कामाची गती एचएमजी-कोए रिडक्टेस हे विकर ठरवते. एंडोंनी तर्क केला, की शेजारच्या सूक्ष्मजीवांना नामोहरम करायला एखादी बुरशी हेच विकर रोखणारे द्रव्य तयार करत असेल. १९७१ पासून दोन वर्षांत सुमारे ६,००० नमुने तपासले गेले. आधी हाती आलेले द्रव्य मूत्रपिंडाला घातक निघाले. मग क्योटोतल्या एका धान्यदुकानातल्या तांदळावरची पेनिसिलियम सिट्रिनम ही बुरशी सापडली आणि १९७३ साली तिच्यातून हे विकर रोखणारे कॉम्पॅक्टिन वेगळे झाले.

उंदरांवर मात्र त्याचा काहीच परिणाम होईना. कंपनीच्या लेखी विषय संपला. एंडो कारण शोधत राहिले: औषधाने विकर अडवले, की उंदराचे यकृत तेच विकर आणखी बनवून भरपाई करत होते. दरम्यान एका सहकाऱ्याकडे प्रयोगासाठी पाळलेल्या अंडी देणाऱ्या कोंबड्या होत्या. अंड्यात एवढे कोलेस्टेरॉल, तर कोंबडीच्या अंगात ते जोरात बनत असणार! १९७६ च्या सुरुवातीला कोंबड्यांना कॉम्पॅक्टिन दिले आणि रक्तातले कोलेस्टेरॉल जवळपास निम्म्यावर आले.

१९७८ साली ओसाकाचे डॉ. अकिरा यामामोतो यांनी कॉम्पॅक्टिन आनुवंशिक दोषाने कोलेस्टेरॉल अतोनात वाढलेल्या एका तरुणीला दिले. कोलेस्टेरॉल उतरले, पण स्नायूंची ताकद गेली. यामामोतोंनी औषध सोडून दिले नाही. मात्रा घटवून इतर रुग्णांना देऊन पाहिले आणि गुण आला. तरीही कुत्र्यांवरच्या चाचण्यांत धोका दिसल्याचे सांगून सांक्योने १९८० साली काम थांबवले. एंडो तोवर विद्यापीठात गेले होते.

अमेरिकेतल्या मर्क कंपनीने दुसऱ्या बुरशीतून मिळवलेले तशाच प्रकारचे लोव्हास्टॅटिन १९८७ साली मान्य झाले. ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी तोवर आतली यंत्रणा उलगडली होती: यकृतात कोलेस्टेरॉल कमी बनू लागले, की पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) वाढतात आणि रक्तातले एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत ओढून घेतात. १९८५ चे नोबेल त्यांना मिळाले. १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांवरच्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिन या दुसऱ्या स्टॅटिनने मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटवल्याचे दिसले.

एंडोंना २००८ साली लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल नाही. कॉम्पॅक्टिन बाजारात कधीच आले नाही, पण त्यापासूनच पुढे सांक्योचे प्रवास्टॅटिन घडले. उंदरांच्या ज्या निकालावर विषय मिटला असता, तो निकाल खोटा नव्हता. तो फक्त उंदरांबद्दलचा होता, आणि हे ओळखणारा माणूस तिथे होता.