जुन्या तंबोऱ्याची खरेदी

अकोल्यास किंवा अमरावतीस एखाद्या घरांत मुलगी गाणें शिकूं लागली म्हणजे वर्षा-दोन वर्षांत तंबोऱ्याचा प्रश्न निघतोच. नव्याची किंमत ऐकून वडील मंडळी गप्प बसतात आणि कोणाकडे जुना पडून आहे काय, याची चौकशी सुरू होते. आजकाल वाद्याचें छायाचित्र घरबसल्या मिळतें. पुष्कळदां व्यवहारहि तेवढ्यावरच उरकतो. छायाचित्रांत नक्षी दिसते, चकाकी दिसते. चीर दिसत नाहीं.

आपल्याकडील पुष्कळसे तंबोरे मिरजेचे. शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं एकोणिसाव्या शतकांत तेथें ही कला रुजविली. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनहि मिळालें. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा आणि तुणीचें लांकूड यांचें हें वाद्य वऱ्हाडांत आलें कीं त्याची खरी कसोटी लागते. वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा अगदीं कोरडी होते आणि लांकूड आकसतें. आषाढांत तेंच लांकूड ओल पिऊन फुगतें. म्हणूनच पावसाळ्यांत अखंड दिसलेल्या तंबोऱ्याची मिटलेली चीर पुढच्या उन्हाळ्यांत उघडते, आणि तोंवर विकणारा कोठला कोठें गेलेला असतो!

भोपळा बोटाच्या पेरानें ठिकठिकाणीं वाजवून पाहावा; तडा असेल तेथें आवाज फुटका येतो. बारीक भोंकें असून त्यांतून भुकटी गळत असेल, तर कीड आंत आहे असें समजावें. दांडी भोपळ्याला जेथें मिळते तो गळ्याचा सांधा विशेष पाहावा. तारांचा सारा ताण तेथें येतो. मग खुंट्यांच्या बाजूनें एक डोळा मिटून दांडीवरून नजर टाकावी. तंबोऱ्याच्या तारा मोकळ्याच छेडावयाच्या असल्यानें किंचित् बाक चालून जातो; सतारीस मात्र तो घातक, कारण पडद्यांवरचे स्वरच ढळतात. पोलादी तारांच्या गिटारच्या मानेंत बहुधा एक सळई असते, ती फिरवून थोडा बाक काढतां येतो. सतारीला ती सोय नाहीं.

गंमत अशी, कीं गिऱ्हाईक नाकारतें तें भलत्याच दोषासाठीं. आवाज बसका आला कीं तंबोरा परत! वस्तुतः घोडीवर तारांनीं खाचा पाडल्या असल्या तर कारागीर ती घासून जवारी पुन्हा काढून देतो; तारा आणि सूत बदलणें तर त्याहून सोपें. महाग पडतो तो सुटलेला सांधा.

शक्य तर मुलीच्या गुरुजींनाच बरोबर न्यावें. तारा उतरविलेल्या असतील तर चढवावयास सांगाव्यात, आणि पंचम, जोड व खर्ज मिळवून अर्धा तास वाद्य तसेंच ठेवावें. खुंटी सरकली तर थोड्या खडूनें भागतें. खुंट्या जागच्या जागीं असूनहि चारही तारा पुनःपुन्हां उतरूं लागल्या, तर सांधा हलतो आहे. असा तंबोरा घरीं आला, तर ती मुलगी रोज सकाळीं ढळत्या षड्जावर गळा लावील, आणि तिच्या कानाला तोच षड्ज खरा वाटूं लागेल.